जॉन्सनपेक्षा एक सीट जास्त

५ एप्रिल १९९९, सोमवार

काल ईस्टर. भक्ती संपल्यावर दौंडला साडूकडे जेवायला. जेवण हे नुसतं निमित्त. जॉन्सनने नवी गाडी घेतलीय, ती दाखवायची होती. नऊ सीटर. मोरपंखी रंग. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, काढणारही नाही, मी ओळखतो ना त्याला. पाळकसाहेबांनी दारात गाडीसाठी प्रार्थना केली, चांगली दहा मिनिटं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी उघडे ठेवले होते, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं म्हणून. काचेतून मीटर पाहिला. एकशे बारा किलोमीटर. म्हणजे प्रार्थनेच्या आधीच गावभर हुंदडून आला होता.

मग पेढे. पेढे वाटताना सगळ्यांसमोर म्हणाला की डिसेंबरात आपल्या ब्लेसीचं लग्न, नवरी याच गाडीतून चर्चला येणार, इसहाकदादांनी कसलीही काळजी करू नये. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दबोरानेसुद्धा. बहिणीच्या नवऱ्यासाठी एवढ्या जोरात! माझ्यासाठी या बाईने कधी टाळी वाजवल्याचं आठवत नाही.

मला हेवा वाटला नाही. पेढा जरा जास्त गोड होता, एवढंच. येताना शिरूरपर्यंत एस्टीत उभा होतो. पाय दुखतायत.

९ एप्रिल

ठरलं. माझी मुलगी माझ्या गाडीतून चर्चला जाणार. बापाच्या गाडीतून. लग्न २९ डिसेंबरला, मुलाकडच्या चर्चमध्ये, म्हणजे दौंडलाच. जॉन्सनच्या गावात, जॉन्सनच्या डोळ्यांदेखत माझ्या गाडीतून उतरेल. मी दार उघडीन, हात धरीन आणि आत नेईन.

आता गाडी तेवढी हवी.

११ एप्रिल

हौसरावच्या भंगारात बाभळीखाली एक जुनी जीप उभी आहे. इंजिन चालू आहे असं हौसराव म्हणतो. टायर चार आहेत. एकंदरीत उत्तम.

अडचण एकच. सहा सीट. जॉन्सनच्या नऊ. सहा सीटच्या गाडीतून नवरी आणणं म्हणजे त्याच्या पुढे हात जोडून उभं राहिल्यासारखं.

संध्याकाळी बसून हिशेब मांडला. चेसी मधोमध कापायची. दोन फूट तुकडा घालायचा. सीट होतात दहा. इतकी सोपी गोष्ट कंपन्यांना कशी सुचत नाही, नवल आहे.

३ मे

सुट्टी लागली. जीप घरामागच्या शेडमध्ये आली. ढकलत आणली, कारण इंजिन उद्यापासून चालू होणार आहे.

वेल्डिंगवाला म्हस्कू पाहून गेला. माणूस प्रामाणिक, शिक्षण सातवी. त्याचं म्हणणं, सर, सरळ कापू नगा, तिरपी कापा, आतनं पट्टी मारा, न्हाईतर वजन पडलं की पोटात लवंल. मी त्याला शांतपणे सांगितलं की शाळेत सुतारकाम शिकवायला लागून मला अठ्ठावीस वर्षं झाली. जोड कसा करायचा हे मला कुणी सांगू नये. सरळ कापलेलं दिसायला स्वच्छ असतं. म्हस्कू म्हणाला की लाकूड आन् लोखंड येगळं हाय. मी म्हणालो, माप तेच असतं. त्यावर तो गप्प बसला. पटलं असणार.

ब्लेसी चहा घेऊन आली होती. पुण्याला साडी बघायला जायचंय, पप्पा येता का, असं विचारत होती. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणालो.

८ मे

आज कापली! एका गाडीच्या दोन गाड्या झाल्या. दबोरा शेडच्या दारात उभी राहिली, दोन्हीकडे बघून तिने विचारलं की आता यातली आपली कुठली. विनोद करण्याची ही वेळ नव्हे.

तुकडा बसवला. दोन फूट, एक सूतही इकडेतिकडे नाही.

१६ मे, रविवार

जॉन्सन आला. न बोलावता. गाडीचा हॉर्न कोपऱ्यापासून वाजवत आला, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांनी बाहेर यावं. आले. पुतळाबाईंनी तर बोनेटवरून हात फिरवला. पंधरा वर्षं शेजारी आहेत, माझ्या सायकलवरून कधी फिरवला नाही.

शेडमध्ये येऊन वाकून वाकून पाहिलं. म्हणाला, दादा, कमाल आहे तुमची. हे असं तो मुद्दाम म्हणतो. मग जाता जाता सहज सांगितलं की त्याने मागे आडवी सीट टाकून घेतलीय. आता अकरा बसतात.

अकरा!

हा माणूस दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करतो की दिवसभर माझ्याच मापांवर नजर ठेवतो?

ब्लेसी आणि दबोरा त्याच्याच गाडीतून पुण्याला गेल्या. साडीसाठी. मी म्हणालो होतो पुढच्या आठवड्यात. आठवडा झाला होता, हे मान्य.

१८ मे

परत कापली. आणखी एक फूट. एकूण तीन. बारा सीट. जॉन्सनपेक्षा एक जास्त. यापुढे त्याने टपावर माणसं बसवली तरी मी कापणार नाही, असा निश्चय.

म्हस्कूने हात वर केले होते. जोडाला जोड नगा देऊ म्हणत होता. शेवटी केलं, पण बिडी न ओढता केलं. तो नाराज असला की बिडी ओढत नाही.

२७ जून

शाळा सुरू झाल्याने काम मंदावलंय.

एक बारीक गोष्ट. गाडी तीन फूट लांब झाली, पण इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत जो शाफ्ट जातो तो जुन्याच मापाचा आहे. मागचं चाक राहिलं तिकडे, शाफ्ट राहिला इकडे. विसरलो नव्हतो. क्रमाक्रमाने घेत होतो.

दबोराने हे बहिणीला फोनवर सांगितलं. घरातली बातमी दौंडला पोचायला या घरात फोन घेतला काय मी?

११ जुलै

जॉन्सन नवीन शाफ्ट घेऊन आला. ओळखीच्या टर्नरकडून लांब करून आणला. शर्टाला ग्रीस लागलेलं. स्वतः गाडीखाली झोपून बसवला आणि वर जेवला पण नाही, ड्यूटी आहे म्हणून गेला.

याचा डाव माझ्या लक्षात आलाय. उद्या गाडी पळाली की दौंडभर सांगायला मोकळा, की शाफ्ट माझा आहे. त्याचं नाव माझ्या गाडीच्या पोटात शिरलं. शाफ्ट काढून टाकावा असं दोनदा मनात आलं. पण गाडीच्या हितासाठी राहू दिला.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन उरकून थेट शेडमध्ये. आता बॉडी. पत्र्याची बॉडी कोणीही करतं. मी सागवानात करतोय. चार दारं, मागे खाली पडणारा फळका, ड्रायव्हरच्या पाठीमागे पूर्ण फळ्यांचं पार्टिशन, म्हणजे मागच्यांच्या गप्पांनी चालवणाऱ्याचं लक्ष जाणार नाही. पुढच्या खिडकीला चौकट आणि अर्धी काच, घराला असते तशी.

जॉन्सनच्या गाडीचं दार लावलं की पत्र्याचा डबा आपटल्यासारखा आवाज येतो. माझ्याकडे असलं काही चालणार नाही.

२ ऑक्टोबर

दारं बसली. अठ्ठावीस वर्षं पोरांना एकच सांगत आलो, बंद दाराच्या फटीतून पोस्टकार्ड जाता कामा नये. आज स्वतः पोस्टकार्ड घेऊन चारी दारांना फिरलो. गेलं नाही. एकाही नाही. डोळ्यांत पाणी आलं.

म्हस्कूला दाखवलं तर त्याने डोकं खाजवलं. म्हणे, सर, ह्ये कपाट हाय का गाडी? गाडी हालती, दाराला वाईच जागा सोडा. अडाणी माणसाला उत्तम काम बघवत नाही. जॉन्सनची लागण सगळीकडे झालीय.

ब्लेसीला बोलावून दाखवलं. छान आहे पप्पा म्हणाली. मग तिथेच स्टुलावर बसून राहिली. काहीतरी बोलायचं होतं बहुतेक. मी पॉलिशला हात घातला होता, तो मध्ये सोडता येत नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर गेली होती.

१४ नोव्हेंबर

गाडी चालली! शेडमधून रस्त्यापर्यंत, रस्त्यावरून पुलापर्यंत. मी चालवत होतो, शेजारी म्हस्कू. कोपऱ्यावर वळायला पुढे-मागे पाच वेळा करावं लागलं. भारदस्त वाहनाला एवढं लागतंच. लोक थांबून बघत होते. एकाने विचारलं, पोरांना शाळेत सोडायची गाडी आहे का. मी हॉर्न दिला.

म्हस्कू म्हणतो, आता एकदा बारा माणसं बसवून दौंडच्या वाटेवर निमोण्यापर्यंत नेऊन आणू. मी नको म्हणालो. लग्नाआधी नवी गाडी दामटून जुनी कशाला करायची?

बातमी: जॉन्सनने खिडक्यांना पडदे लावले.

१६ नोव्हेंबर

पडदे लावले. माझ्या पडद्यांना झालर आहे.

५ डिसेंबर, रविवार

आज चर्चमध्ये ब्लेसीच्या लग्नाची पहिली सूचना वाचली. तीन रविवार वाचतात, त्यातली पहिली. मला पोचता आलं नाही. मागच्या ब्रेकचा पाईप तीन फूट कमी पडत होता, म्हस्कूचं दुकान आजच मोकळं होतं. दोन रविवार अजून आहेत, सूचना तीच असते, शब्दही बदलत नाहीत.

दबोरा दुपारपासून बोलत नाही. ब्लेसीने जेवायला वाढलं. सूचना वाचताना सगळ्यांनी वळून आमच्या बाकाकडे पाहिलं, असं एवढंच म्हणाली. तिच्या शेजारी जॉन्सन बसला होता म्हणे. दौंडहून मुद्दाम आला होता!

सूचनेलाही यायचं? याला स्वतःचं चर्च नाही?

१२ डिसेंबर

गेलो. पहिल्या बाकावर बसलो. सूचना वाचली तेव्हा उभा राहिलो, लोकांना नीट दिसावं म्हणून. उभं राहायचं नसतं, असं पाळकसाहेबांनी नंतर सांगितलं.

२५ डिसेंबर

नाताळ. घर पाहुण्यांनी भरलंय. करंज्या, चकल्या, मांडवाचे बांबू. सगळे विचारतात गाडी कुठाय. चादरीखाली आहे, एकोणतीसलाच काढीन, असं सांगतो. गाडी थोडी मधे खोलगट वाटते, असं ब्लेसीच्या मामांचं निरीक्षण. मामांचा चष्मा जुना आहे.

२८ डिसेंबर

हळद लागली. सगळे मांडवात. पोरीने हाक मारली म्हणून गेलो, एक बोट लावलं, परत आलो. हाताला हळद होती, ती गियरच्या मुठीला लागली. राहू दिली.

उद्याचा कार्यक्रम: सात वाजता निघणे. पुढे मी आणि शेजारच्या सीटवर केक. मागे ब्लेसी, दबोरा आणि बाकीची मंडळी. साडेनऊला दौंड. दार उघडणे. हात देणे. जॉन्सनकडे न बघणे.

३० डिसेंबर, दुपारी

काल लिहायला वेळ मिळाला नाही. सविस्तर लिहितो, कारण लोक चुकीचं सांगत सुटतील.

सात वाजता निघालो. गाडी फुलांनी सजवलेली. मागे दहा माणसं, दोन ट्रंका, भांड्यांचं एक पोतं. जॉन्सन पहाटेच शिरूरला येऊन ठेपला होता, चर्चच्या बायका आणि स्वतःची माणसं घेऊन तो पुढे निघाला. मी मुद्दाम मागे राहिलो, घाई नको म्हणून. गाडी फार छान चालली. निमोण्यापर्यंत.

निमोण्याजवळ खालून खट्ट झालं. इंजिन चालू, गाडी बंद. शाफ्ट सुटून लोंबत होता. शाफ्ट कुणी आणला होता हे मी तिथे कुणाला बोललो नाही. मन मोठं ठेवलं.

जॉन्सन मागे वळून आला. कोटासकट खाली शिरला, शाफ्ट काढून टपावर बांधला आणि दोर काढला. टोचन करू म्हणाला. माझ्या पडद्यांच्या, माझ्या झालरीच्या गाडीला टोचन! उसाचे ट्रॅक्टर बाजूने जात होते, ड्रायव्हर माना वळवून बघत होते. पण साडेआठ वाजले होते, दुसरा इलाज नव्हता.

दोर बांधून झाल्यावर तो ब्लेसीच्या खिडकीशी गेला. म्हणाला, बाळा, माझ्या गाडीत ये, तुझी मावशी उतरून जागा देते. मी बाहेरच्या आरशात बघत होतो. ब्लेसीने मान हलवली. म्हणाली, मी पप्पांच्याच गाडीतून येणार.

हे लिहिताना हात थांबला. परत लिहितो. मी पप्पांच्याच गाडीतून येणार, असं ती जॉन्सनला म्हणाली. तोंडावर.

तिथून दौंडपर्यंत स्टिअरिंग मी सांभाळलं. ओढलं त्याने, पण दिशा माझी होती.

चर्चसमोर सगळे उभे. पेटी वाजत होती. मी उतरायला दार ढकललं. हललं नाही. खांदा दिला. नाही. दबोराने मागचं ढकललं, तेही नाही. चारी दारं चौकटीत अशी काही घट्ट बसली होती की सुताराने पाहून शाबासकी द्यावी. गाडी बाहेरून बघणारे सांगत होते की ती मधोमध लवलीय, हौद्याचा पाळणा झालाय. म्हस्कू वऱ्हाडात होता. तो बिडी ओढत नव्हता.

मागचा फळका तेवढा उघडला. एकेक करून सगळे त्यातून उतरले, ट्रंकांवर पाय देऊन. ब्लेसीला जॉन्सनने दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं. साडीला डाग लागू दिला नाही. मी हे पार्टिशनच्या पलीकडून ऐकलं. पार्टिशन पूर्ण असल्याने मला मागे जाता येईना. खिडकीतून केक बाहेर गेला. मी गेलो नाही.

पाळकसाहेबांनी येऊन सांगितलं की दुपारी त्यांना दुसरं लग्न लावायचंय, आता सुरू करू, नवरीला मावसाच घेऊन येऊ दे. आठ महिने मी ज्यासाठी मरत होतो ते त्यांनी एका वाक्यात जॉन्सनला देऊन टाकलं.

जॉन्सन नाही म्हणाला. त्याने ते मोठ्याने सांगितलं. दादा आहेत ना, दादाच आणतील. मग पळत जाऊन शेजारच्या घरातून करवत आणली.

सांगायला वाईट वाटतं, पण या माणसाला करवत धरता येत नाही. लोखंडात आयुष्य गेलेलं. मला आतून सांगावं लागलं, तिरपी धर, दाबू नको, ओढताना कापते. तो घामाघूम. मी ऑक्टोबरात पॉलिश केलेलं सागवान, त्याच्यावर तो घिसाडघाई करत होता आणि मी सांगत होतो, हां, असंच, आता सरळ. बिजागरीची बाजू कापली. मला काखेत धरून ओढून काढलं. तेवढ्यात माझा कोट खिळ्याला अडकून पाठीत उभा फाटला.

त्याने स्वतःचा काढून मला घातला. माझ्या तोंडावरचा भुसा स्वतःच्या रुमालाने पुसला. मला काही बोलायचं होतं. मी म्हणालो, कोट लांब आहे. तो म्हणाला, चालतंय दादा.

मग आम्ही आत गेलो. पुढे जॉन्सनच्या दोन्ही मुली फुलं टाकत. ब्लेसीचा हात माझ्या हातात. चर्च एवढं लांब असेल असं बाहेरून वाटत नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, या मुलीला विवाहासाठी कोण देत आहे. मी बोललो. त्यांना ऐकू गेलं नसावं, त्यांनी परत विचारलं.

२ जानेवारी २०००, रविवार

गाडी दौंडला चर्चच्या आवारातच आहे. जॉन्सन म्हणतो सावकाश आणू. आम्ही त्याच्या गाडीतून परत आलो. बसायला बरी आहे. प्लास्टिक काढलंय.

पाहुणे कालच गेले. मांडव उतरला. शेड रिकामी आहे, ऊन थेट भिंतीपर्यंत जातं. स्टूल तिथेच होतं. बसलो थोडा वेळ.

नवीन वर्षाचा निश्चय: काही नाही.

दुपारी दबोराने एक गोष्ट सांगितली. सांगणार नव्हती, पण मी चौथ्यांदा निमोण्याचा प्रसंग सांगायला लागलो तेव्हा तिला राहवलं नाही. जॉन्सन खिडकीशी आला तेव्हा ब्लेसीने पडद्याआड दाराची कडी दोनदा ओढून पाहिली होती. दार उघडत नव्हतं. मग ती मी पप्पांच्याच गाडीतून येणार म्हणाली. चार लोकांत पप्पांचं हसू होऊ नये म्हणून, असं आईला म्हणे. आईलाही बोलू दिलं नाही.

मी दबोराला विचारलं, मे महिन्यात साडी कुठल्या रंगाची घेतली होती. लग्नात नेसली होती तीच, पांढरी, असं ती म्हणाली. एकच घेतली? नाही, दुसरी निळी. मला माहीत नव्हतं.

ब्लेसी ऑक्टोबरात स्टुलावर येऊन बसली होती तेव्हा काय बोलायचं होतं, तेही विचारलं. दबोरा म्हणाली, काही नाही, नुसतीच बसायला यायची, रोजच यायची.

संध्याकाळी जेवायला आम्ही दोघंच. दबोराने सवयीने तीन ताटं घेतली होती, एक परत ठेवलं. बारा माणसांची गाडी केली मी.

जॉन्सनच्या दोन्ही मुली अजून शाळेत आहेत. मोठी आठवीत. धाकटी पाचवीत. त्याच्याकडे एकही ताट परत ठेवायची वेळ यायला अजून बरीच वर्षं आहेत.